तिसरा परीक्षक

९ जानेवारी

खारू,

मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही, तरी हे तिसरं लिहितोय. तुझी आई म्हणते, "तिला नको असती तर तिने परत पाठवली असती." म्हणजे वाचतेस असं धरून चालतो. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस. मग पत्राशिवाय माझ्यापाशी उरतं काय?

इकडचं सगळं बरं आहे. परवा वेधशाळेच्या मनोऱ्याच्या माथ्यावरचे दोन्ही आरसे धुतले. तू लहानपणी ज्या जिन्यावरून खारीसारखी वरखाली करायचीस, त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला आता माझे गुडघे तक्रार नोंदवतात. सकाळची हवा मात्र अजून तशीच आहे. ऊन तापायच्या आधी सूर्य इतका स्थिर दिसतो की खालच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेला माणूस श्वाससुद्धा बेताने घेतो. मग आजूबाजूची छपरं तापतात, त्यांच्यावरची हवा थरथरायला लागते आणि आम्ही गाशा गुंडाळतो.

आई रोज स्वयंपाकघरात तुझ्याशी फोनवर बोलते आणि मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतो. मला अर्धंच बोलणं ऐकू येतं. "हो. जेवलीस? हो, आहेत की. बसलेत, वर्तमानपत्र उलटं धरून." उलटं नव्हतं, ती उगीच सांगते. त्या अर्ध्या बोलण्यातून एवढं कळलं की एप्रिलच्या सुरुवातीला तुमची समिती बसणार आहे, आणि तोवर तुझा निबंध छापायला स्वीकारला गेला असेल तरच तुझी नोकरी पुढे चालू राहील. हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण ते असो.

परिषदेतल्या प्रश्नाबद्दल मी माफी मागणार नाही, हे मागच्या पत्रातही लिहिलं आहे. तू व्यासपीठावर होतीस, सौरडागाच्या कडेपासून सुटून धावणारे ते उजेडाचे पट्टे दाखवत होतीस. मी उठून विचारलं, "हा सूर्य आहे, की तुमच्या दुर्बिणीवरची तापलेली हवा?" तो प्रश्न मी कुणालाही विचारला असता. लोक हसले, त्याला मी काय करणार? त्या दुपारी तू माझ्या टेबलावर जेवायला आली नाहीस, आणि त्याला आता दोन वर्षं होतील. बापाने भर सभेत विचारलं याचा राग, की प्रश्न नेमका होता याचा, हे मला अजून कळलेलं नाही.

सध्या काय लिहितेस? त्या उजेडावरच का? मला काही कल्पना नाही म्हणून विचारतो. माझ्याकडे थोडं बाहेरचं वाचनाचं काम आलंय. एकदा हो म्हटलं की टाळता येत नाही, म्हणून आज इथेच थांबतो.

बाबा

४ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाही. ठीक आहे, सवय होत चालली.

तुझ्या त्या जुन्या विषयावर मध्यंतरी थोडा विचार केला. सहजच. तुला सूर्य शिकवण्याचा आगाऊपणा करत नाही, पण मला कळलं ते बरोबर कळलं का हे माझ्या शब्दांत मांडून बघतो. सूर्याच्या पृष्ठभागाला लागून तो पातळ तांबूस थर आहे, वर्णगोल. त्यात डागाच्या कडेला एकाएकी एक जागा उजळते, आणि ते उजळणं पळत सुटतं. एखादा देश मावेल एवढं अंतर काही सेकंदांत ओलांडतं आणि विझतं. त्या थरातला आवाजसुद्धा इतक्या वेगाने जात नाही. म्हणजे प्रश्न असा, की तिथलं तप्त द्रव्य खरंच धावतं, की द्रव्य जागच्या जागी राहतं आणि नुसता उजेड धावतो? उभ्या पिकावरून वारा गेला की चकाकी शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, धाटं मात्र आपल्या मुळांवर उभी असतात. ही उपमा मला फार आवडली. माझी नव्हे, कुठेतरी वाचली.

पण खारू, आवडणं वेगळं आणि पटणं वेगळं. मी तीस वर्षं या मनोऱ्याखाली बसलोय. असं काही मला एकदाही दिसलं नाही. माझ्या डोळ्यांना काही किंमत आहे की नाही? शिवाय तापलेली हवासुद्धा नेमकी अशीच फसवते. चित्राचा एक कोपरा क्षणभर उजळतो, मग शेजारचा, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी पळालं.

माझ्यासारखा एखादा खडूस माणूस तुला म्हणेल, की एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी बघा. एकात फक्त त्या तांबूस थराचा उजेड घ्या, दुसऱ्यात साधा पांढरा, खालच्या पृष्ठभागाचा. हवेची लबाडी असेल तर ती दोन्हीकडे एकदम दिसेल, कारण दोन्ही उजेड त्याच हवेतून येतात. खरोखर सूर्यावरचं असेल तर तांबड्यातच दिसेल. असं कुणी मागितलं तर चिडू नकोस. तो माणूस तुझ्या वाइटावर असेलच असं नाही.

तुझी आई आत्ता दारातून डोकावून गेली. "काय एवढं खरडताय सकाळपासून?"

"अहवाल."

"कुणाच्या कामावर?"

"आहे कुणाच्या तरी."

त्यावर ती नुसतं "हं" म्हणाली. तिचं हं तुला माहीत आहे. त्यानंतर माणसाला अख्खा दिवस आपलं काय चुकलं ते आठवत बसावं लागतं.

बाबा

१२ मार्च

खारू,

मी तुझा धावता उजेड पाहिला.

पहिल्या ओळीतच सांगून टाकलं, नाहीतर पानभर इकडचं तिकडचं लिहीत बसलो असतो. गेल्या आठवड्यात मनोऱ्यात दोन कॅमेरे लावले. का लावले, कुणाच्या सांगण्यावरून, ते सोड. आरशांवरून खाली येणारा झोत अर्धपारदर्शक काचेने दोन भागांत फोडला. एक तांबड्या फिल्टरमधून, एक तसाच. माझ्याबरोबर आमची कॅमेरेवाली होती. तू तिला भेटलेली नाहीस, तू गेल्यावर लागली. कॅमेऱ्यांचं सगळं तीच बघते म्हणून मी तिला कॅमेरेवाली म्हणतो. ती मला पाठीमागे काय म्हणते तेही मला माहीत आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

डाग मधोमध होता, हवा शांत. तांबड्या पडद्यावर डागाच्या कडेशी एक ठिपका पेटला आणि निघाला. मी खुर्चीतून कधी उठलो ते मला कळलं नाही. पांढऱ्या पडद्यावर त्याच क्षणी काहीही नव्हतं. दाणेदार पृष्ठभाग, ढिम्म.

"सर, पांढऱ्यात काहीच नाही," ती म्हणाली.

"पुन्हा लाव."

"चारदा लावून बघितलं."

"पाचव्यांदा लाव. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं नाही सर, वीज संस्थेची जाते," असं म्हणत तिने पाचव्यांदा लावलं. तेच दिसलं. सकाळभर आम्हाला असे पुष्कळ दिसले, काही सरळ जाणारे, काही थोडं वळून. ते विझल्यावर मागे काही राहत नाही. द्रव्य धावत असतं तर कुठेतरी जाऊन साचलं असतं, आणि वेगामुळे सरकलेली त्याच्या तांबड्या रंगाची छटाही दिसली असती. ती फारच थोडी आहे. धाटं जागच्या जागीच आहेत, खारू.

मग तीस वर्षांत मला का दिसलं नाही? याचं उत्तर माझ्याच पद्धतीत सापडलं. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. कॅमेरा भराभर चित्रं काढतो, आणि संगणक दर अर्ध्या मिनिटातलं सगळ्यात स्वच्छ चित्र ठेवून बाकीची पुसून टाकतो. ही चाळणी मी बसवली. नव्या लोकांना मी ती अभिमानाने शिकवतो. आणि तुझा उजेड जगतोच काही सेकंद. उरलेल्या एकट्या चित्रात तो नुसता एक उजळ ठिपका दिसतो, आणि तो हलला हे सांगणारी पुढची-मागची सगळी चित्रं आम्ही कचरा म्हणून फेकलेली असतात. या वेळी दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा जुळवायच्या म्हणून चाळणी बंद ठेवली होती, तेवढ्याने दिसलं. म्हणजे मी जे कधीच घडत नाही असं छातीठोकपणे सांगत आलो, ते मीच रोज सकाळी पुसत होतो.

मी मध्यंतरी एका ठिकाणी लिहून बसलो, की अनुभवी निरीक्षकांना असं काही कधी आढळलेलं नाही. ते लिहायला नको होतं. कुठे लिहिलं ते आत्ता विचारू नकोस.

तुझं बरोबर होतं असं म्हणायला हरकत नाही.

बाबा

२१ मार्च

खारू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य किती कंजूस होतं ते पत्र टाकून परत येताना लक्षात आलं. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुझ्या निबंधाचा तिसरा परीक्षक मी आहे. फेब्रुवारीतला तो अहवाल, निनावी, "दोन कॅमेऱ्यांच्या पुराव्याशिवाय निबंध स्वीकारू नये" म्हणणारा, माझा आहे.

जानेवारीत पत्रिकेच्या संपादकबाईंकडून तो माझ्याकडे आला. परीक्षकाने भरायच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, लेखिकेशी आपलं काही नातं आहे का? मी "नाही"वर खूण केली. तू आईचं आडनाव लावतेस, बाई परमुलखातल्या, कोण बघायला जातंय, असं वाटलं. खूण करताना हात जराही अडखळला नाही, ते आता जास्त लागतं.

का केलं? तुझं काहीतरी वाचायला मिळणार होतं. दोन वर्षांत तुझी एक ओळ मला आली नव्हती, आणि इथे अख्खा निबंध समोर होता. पहिल्यांदा वाचला तो तपासायला नाहीच. तुझी वाक्यं ऐकत बसलो. तू लहानपणी "कारण" हा शब्द म्हणून श्वास घ्यायचीस आणि मग पुढचं सांगायचीस, तशीच वाक्यं आहेत. पिकाच्या उपमेपाशी आलो तेव्हा मला रडू आलं. हे कुणाला सांगितलं नाही.

मग तपासायला बसलो, आणि बापपणा नको म्हणून दुप्पट कडक झालो. असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर परिषदेतला माझा प्रश्न बरोबर होता हे मला एकदा लेखी हवं होतं. फॉर्मच्या शेवटी विचारतात, अहवालावर आपली सही हवी आहे का? ती जागा मी रिकामी ठेवली. त्या दिवशी सभेत मी निदान उभं राहून, तोंड दाखवून विचारलं होतं. या वेळी तोच प्रश्न पडद्याआडून विचारला, आणि तोही तुझी नोकरी टांगणीला लागलेली असताना.

महिन्याच्या सुरुवातीला तुझं उत्तर बाईंमार्फत आलं. तुमच्याकडे दोन कॅमेऱ्यांची सोय पावसाळ्यानंतर होईल, त्याआधी नाही. आणि खाली एक ओळ होती: "माननीय परीक्षकांकडे दुर्बीण असल्यास त्यांनी कृपया एकदा स्वतः पाहावं." मला ती ओळ जरा आगाऊ वाटली. पण त्या ओळीमुळेच कॅमेरे लावले.

पाहिलं, पटलं. त्याच दिवशी संपादकबाईंना एक ओळ लिहायची होती, "माझी हरकत मागे घेतो." ती ओळ मी अजून लिहिलेली नाही. कारणं रोज नवी सापडतात. पुराव्याशिवाय मत बदललं तर संशय येईल. पुरावा दिला तर मनोरा ओळखू येईल. ही सगळी मखलाशी आहे. खरं कारण असं, की ज्याच्यासमोर मी आयुष्य काढलं ते तुला आधी दिसलं, आणि ते मला गिळवत नव्हतं. तू दुसऱ्या कुणाची मुलगी असतीस तर कदाचित पटकन गिळलं असतं. असं बापाने लिहू नये, पण तसं आहे.

आणखी एक आहे. त्या सकाळी काम संपल्यावर कॅमेरेवाली म्हणाली, "सर, हे आपण लगेच पाठवूया. छोटासा निबंध. असं कुणी दाखवलेलं नाही."

"कुणीतरी दाखवलं असेल."

"छापलेलं तर कुठेच नाही. मी सगळीकडे शोधलं."

मी मूग गिळून बसलो. ते तिने होकार म्हणून घेतलं, आणि का घेऊ नये? तिने निबंध लिहून काढला. चांगला लिहिलाय. मोठ्या साहेबांनी वाचला, माझी पाठ थोपटली. माझं नाव पहिलं घातलंय. या महिनाअखेर जाणार आहे. म्हणजे तुझा निबंध माझ्या हरकतीखाली अडकून पडेल आणि माझा तुझ्या पुढे छापला जाईल. चोर असं काम याहून वेगळं करत नसावा.

काय करायचं ते मला कळतं. करवत नाही, एवढंच. हे पत्र मात्र आजच टाकतो, उद्या टाकवणार नाही.

बाबा

२ एप्रिल

खारू,

केलं.

कॅमेरेवालीला आधी सांगितलं. ती माझ्या समोरच्या स्टुलावर बसली होती, हातात लेन्स पुसायचं कापड. मी सगळं सांगितलं, परीक्षक असल्याचं, तुझ्या निबंधाचं, नात्याचं. ती कापडाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी लिहीत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही माझ्या मसुद्यात स्वल्पविराम दुरुस्त करत होतात."

मी म्हणालो, "तुझी काही चूक नाही."

"चूक नाही, हे मला माहीत आहे, सर. पण तुमच्या घरच्या भांडणात माझा निबंध गेला. माझीही मुदत आहे, पुढच्या वर्षी. ते तुम्ही कधी विचारलं नाहीत." आणि ती उठून वर गेली. दुसऱ्या माणसाच्या मुलीचंही मी नुकसान करतोय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या अपराधात मी एवढा रमलो होतो.

साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "उद्या लोक म्हणतील, या मनोऱ्यावर दुसऱ्यांचं काम अडवून स्वतःचं छापतात. तुम्हाला तीस वर्षं झाली, मला तीन. पुसायला मला लागणार आहे हे." निबंध मागे घेतला. चौकशी होईपर्यंत मी मनोऱ्यावर जायचं नाही. किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

संपादकबाईंना सविस्तर लिहिलं. नातं लपवलं, अहवाल रद्द समजावा, आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांची सगळी चित्रं सोबत जोडली आहेत, लेखिकेचं म्हणणं बरोबर आहे. त्या चित्रांवर कॅमेरेवालीचं नाव ठळक घातलं. माझं घातलं नाही. तुमची समिती सोमवारी बसतेय, हेही बाईंना कळवलं, म्हणजे त्या घाई करतील. मी केलेला उशीर भरून निघायला अजून चार दिवस आहेत अशी आशा लावून बसलोय.

सकाळी आता घरीच असतो. तुझ्या आईला हे नवीन आहे. "अहो, पाय वर घ्या, झाडायचंय," असं आज तीनदा झालं. खिडकीतून ऊन येतं ते खुर्चीच्या पायापर्यंत. त्याच्याकडे बघवत नाही.

मी माफी मागत नाही असं जानेवारीत लिहिलं होतं. आता मागतो. प्रश्नाची नाही, तोंड लपवून विचारल्याची. आणि उत्तर दिसल्यावर गप्प बसल्याची.

बाबा

११ एप्रिल

खारू,

काल संपादकबाईंचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचलं. नात्याबद्दल त्यात मला नवीन काही नव्हतं."

मला वाटलं, आवाज नीट येत नाहीये. मी पुन्हा विचारलं.

"लेखिकेनेच कळवलं होतं, निबंध पाठवतानाच. परीक्षक म्हणून तुमचं नाव तिने सुचवलं."

तू काय लिहिलं होतंस ते त्यांनी वाचून दाखवलं. हे माझे वडील आहेत, आमचं बोलणं बंद आहे, तरी नियमात बसत असेल तर त्यांना पाठवा, कारण त्यांना पटलं तर ते खरं. नियमात बसत नव्हतंच. म्हणून बाईंनी निर्णयासाठी दुसरे दोन परीक्षक नेमले, आणि तुझ्या आग्रहाखातर माझं मत वेगळं मागवलं, सल्ल्यापुरतं. मी नातं उघड सांगेन आणि खाली सही करेन असं त्या धरून चालल्या होत्या. नात्याच्या प्रश्नाला माझं "नाही" आलं तेव्हा त्यांनी तुला विचारलं, थांबवू का? तू म्हणालीस, राहू दे.

त्या दोघांचे होकार फेब्रुवारीतच आले होते. निबंध तेव्हाच स्वीकारता आला असता. तुलाही तसं कळवलं होतं, आणि तू उलट लिहिलंस, "तिसऱ्या परीक्षकांनी एकदा स्वतः पाहून तसं कळवल्याशिवाय नको." मी अडवतोय, मी अडवतोय म्हणून रात्री कूस बदलत होतो, आणि तू आपल्या हाताने दार धरून उभी होतीस, मी आत येईन म्हणून.

"आता तरी छापाल ना?" मी विचारलं.

"स्वीकारल्याचं पत्र आजच गेलं. तुमचं पत्र माझ्यापर्यंत यायला आठवडा लागला. तिच्या समितीची बैठक होऊन गेली, हे मला माहीत आहे."

मी पत्र साध्या टपालाने पाठवलं होतं. फोन उचलून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून टपालाने.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. तुझी आई भांडी विसळत होती. विचारलं, "तुला सगळं माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"तिची नोकरी?"

"नाही वाढवली. महिनाभरात खोली रिकामी करायची आहे." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी तिला म्हटलं होतं, छापून टाक, बाबांचं काय घेऊन बसलीस. ऐकते का? तुमचीच मुलगी."

"मग मला तरी सांगायचंस. एक शब्द."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि तिथेच खाली स्टुलावर बसली. एवढ्या वर्षांत मी तिला भांडी अर्धी टाकून बसलेली पाहिलेली नाही. म्हणाली, "तिने शपथ घातली होती. रोज फोनवर विचारायची, आज बाबा काय करत होते? मी सांगायचे, बसलेत लिहीत. मग म्हणायची, आई, त्यांना घाई करू नकोस. ते उशीर लावतील, पण एकदा दिसलं की खोटं बोलणार नाहीत."

खारू, दिसल्यावरही मी तुझ्याशी खोटं बोललो, बारा मार्चच्या पत्रात आणि त्यापुढचे नऊ दिवस, आणि ते पत्र तू वाचलंस. समितीपुढे जायच्या आधी वाचलंस.

बाबा